बिनमिठाचं चाक

धनपाल चौगुलेइतका हट्टी माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. आणि माझं नाव हंबीरराव आहे, म्हणजे हट्ट कशाला म्हणतात हे मला कुणी शिकवायची गरज नाही. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की अजून माझं डोकं तापतं. तरी लिहितोच. त्या चाकाबद्दल गावात नाही नाही ते बोललं जातं, आणि बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही.

आम्ही कबनूरचे, इचलकरंजीला चिकटलेल्या गावातले. आमच्याकडे घराला लागून मागांची शेड असते, किंवा शेडला लागून घर असतं, कसंही म्हणा. यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालू. बाहेरून आलेल्या पावण्याचं डोकं उठतं. आम्हाला तो ऐकूच येत नाही. लाइट गेली, माग थांबले, की मग आम्ही दचकतो आणि विचारतो, काय झालं? स्वयंपाकघरातल्या फळ्यांना आम्ही पुढून लाकडी पट्टी ठोकतो, कारण नुसत्या ठेवलेल्या वाट्या हादऱ्यानं सरकत सरकत कडेला येतात आणि खाली पडतात. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नाही.

धनपाल मूळचा कुरुंदवाडचा. मिसरूड फुटायच्या आत कबनूरला आला, सुताच्या कांड्या भरायला लागला, मग जॉबर झाला. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. मागाच्या अंगावर हात ठेवून कुठं दुखतंय ते सांगायचा, एवढं खरं. पुढं आम्ही दोघांनी भागीत शेड घातली. जमिनीचा कोबा एकच ओतला, मधली भिंत नंतर घातली. अलीकडं माझे माग, पलीकडं त्याचे. भागी संपली, पण दोस्ती टिकली. कशी टिकली ते मलाच ठाऊक. कारण ‘हे होत नाही’ हे वाक्य त्या माणसाला कळायचंच नाही. त्याच्या बायकोचा, सुरेखावहिनींचा, मिक्सर त्यानं एकदा ‘सुधारला’. तेव्हापासून तो मिक्सर उलटा फिरतो. वहिनी निमूटपणे पाट्यावर वाटतात.

सगळ्या जगात त्याचं खरं वैर एकाच गोष्टीशी होतं, लाइटीशी. मोटारीचा पट्टा गरम झालेला, कापड अर्धं उतरलेलं, आणि लाइट गेली की हा माणूस बंद मागापुढं उभा राहून वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पुढं गुडघे गेले, मुलगा ऋषभ पुण्याला नोकरीत रमला, आणि धनपालनं माग विकून टाकले. शेड रिकामी झाली. उभं आयुष्य हात चालवलेल्या माणसाला रिकामी शेड आणि नवा मोबाइल या दोन गोष्टी एकदम देऊ नयेत. एका दुपारी त्यानं मला बोलावून एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक चाक आपलं आपण फिरत होतं. मोटर नाही, लाइट नाही, कुणी ढकलत नाही.

“हंबीर, हे जमलं तर लाइटीच्या बापाची गरज न्हाय.”

“अरे, खाली मोटर लपवली असंल की.”

“तू गप्प बस. तुला कशात काय कळतंय?”

झालं. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

चाक कसं होतं ते सांगतो. आधी सायकलची रिम होती. मग कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन त्यानं लोखंडी चाक करून आणलं, माझ्या छातीएवढं, चांगल्या बेअरिंगवर बसवलेलं. मला सोबत नेलं होतं, उचलायला. चाकाच्या कडेनं त्यानं जुने धोटे बसवले. धोटा म्हणजे मागातून सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा, टोकांना लोखंड लावलेला. प्रत्येक धोटा दाराच्या बिजागरीनं जोडलेला. चाक फिरताना धोटा वर आला की उजवीकडं बाहेर पडायचा, हात लांब केल्यासारखा. डावीकडून वर चढताना मात्र तो मिटून चाकाच्या अंगाला टेकायचा. धनपालचं म्हणणं असं, की लांब दांड्याच्या पान्यानं नट लवकर सुटतो, तसं लांब गेलेलं वजन जास्त जोर लावतं. म्हणजे उजवी बाजू कायम जड. कायम जड म्हणजे कायम खाली जाणार. म्हणजे चाक कायम फिरणार.

खरं सांगतो, त्यानं हे सांगितलं तेव्हा मलाही पटलं होतं. घरी जाऊन जेवायला बसेपर्यंत पटलेलं होतं.

चाक ढकललं की फिरायचं, टक टक करत धोटे पडायचे, आणि थोड्या वेळानं एक धोटा पडू की नको करत अडायचा आणि सगळं थांबायचं. मग हा वंगण बदलायचा. धोट्यांत शिसं भरायचा. बेअरिंग आणखी भारी आणायचा. दर वेळी चाक आधीपेक्षा थोडं जास्त फिरायचं, आणि तेच वाईट होतं. पहिल्याच दिवशी ठप्प झालं असतं तर आम्ही सगळे सुटलो असतो.

त्याची मुलगी आदिती कोल्हापुरात ज्युनियर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते. ती रविवारी आली, चाकाभोवती एक फेरी मारली आणि सरळ म्हणाली, “अण्णा, हे फिरणार नाही.”

“का न्हाय?”

“उजवीकडचे धोटे लांब आहेत, पण मोजून बघा, ते कमी आहेत. डावीकडचे जवळ आहेत, पण जास्त आहेत. लांब असण्याचा फायदा आणि संख्येचा तोटा एकमेकांना खाऊन टाकतात. ढकलायला काहीच उरत नाही.”

धनपालनं धोटे मोजले. डावीकडं जास्त भरले. त्याचा चेहरा जरा पडला, मग म्हणाला, “वजन वाढवू.”

“वजन वाढवलं तरी तेच. एक धोटा वरून खाली येताना जेवढा जोर देतो, तेवढाच त्याला परत वर न्यायला लागतो. वर जायची वाट कशीही वाकडी करा. जोतिबाच्या डोंगरावर पायऱ्यांनी जा, नाहीतर गाडीरस्त्यानं जा, उंची तीच चढावी लागते ना? त्यात बेअरिंग घासतं, धोटे आपटतात, हवा अडवते. ते सगळं वजा होत जातं. तुम्ही हातानं ढकलता तेवढ्यावरच ते फिरतंय. भारी बेअरिंगनं ते ढकलणं जास्त वेळ पुरतं, बस.”

यापेक्षा सोपं कुणी काय सांगायचं? मला एका बैठकीत कळलं, आणि मी मॅट्रिकला गणितात गटांगळ्या खाल्लेला माणूस. पण धनपालनं मुलीकडं बघितलं आणि विचारलं, “तुमच्या पुस्तकात लाइट जाती का?”

“नाही.”

“मग त्ये पुस्तक कबनूरचं न्हाय.”

आदितीनं हात टेकले. जाताना मला म्हणाली, “काका, एवढं मनावर घेऊ नका. रिकामं बसण्यापेक्षा बरं.” मलाही तसंच वाटलं. चातुर्मास यायच्या आधीची ही गोष्ट.

त्या वर्षी गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एक मुनिमहाराज चातुर्मासाला थांबले होते. धनपालबरोबर मीही कधीकधी प्रवचनाला मागं जाऊन बसायचो. एके दिवशी महाराज त्यागावर बोलले, आणि लोक एकेक करून उठून नियम घ्यायला लागले. कुणी चातुर्मासापुरतं दूध सोडलं, कुणी गोड सोडलं, कुणी मोबाइल. सगळं मुदतीचं, झेपेल असं. मग आमचा धनपाल उठला आणि हात जोडून म्हणाला, “नमोस्तु महाराज. माझं चाक एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपलं आपण फिरंपर्यंत मला मिठाचा त्याग.”

महाराजांनी विचारलं, “कसलं चाक?”

“लोखंडाचं, महाराज.”

मंडपात लोक हसले. ते हसले नसते तर कदाचित तो बसलाही असता. महाराज मात्र हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “नियम मुदतीचा घे. जे आपल्या हातात नाही त्याच्यावर नियम बांधू नये.”

“माझ्याच हातात हाय, महाराज. हातानंच केलंय.”

महाराजांनी पुन्हा समजावलं. हा ऐकेना. मागं बसून मी त्याला खुणा करतोय, गप्प बस म्हणून. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मान फिरवली. घेतला नियम, भर सभेत, साऱ्या गावासमोर.

बिनमिठाचं जेवण एखाद्या दिवशी गमतीनं जातं. वहिनी त्याची आमटी वेगळी काढायच्या, त्याची भाजी, त्याची भाकरी. तो ते गप गिळायचा आणि शेडमध्ये जायचा. हळूहळू गाल बसले. चिडचिड वाढली. बोलता बोलता शब्द विसरायला लागला. मी म्हणायचो, “मर्दा, मुदत घालून घे की. महाराज बसलेत अजून.” तो म्हणायचा, “चाक व्हायला आलंय.” दर वेळी हेच. चाक व्हायला आलंय. माझी इच्छा व्हायची की एक पहार घ्यावी आणि त्या चाकाचे तुकडे करावेत. एकदा पहार उचललीही होती. वहिनींनी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाल्या, “भावजी, मोडलं तर त्ये परत सुरूपासनं करत्याल. तवर जित्तं राहत्याल का?”

ऑक्टोबरच्या उन्हात एके दिवशी तो शेडच्या दारात पडला. मी आणि वहिनींनी उचलून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, सोडियम बरंच उतरलंय, त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांनी लघवीवाटे आणखी जातंय. गोळी बदलली. म्हणाले, “मीठ सुरू करा. हे असंच चाललं तर झटके येतील, माणूस हाताला लागायचा नाही.” नर्स सलाइन लावायला आली, तर या गृहस्थानं पडल्या पडल्या विचारलं, “ह्यात मीठ हाय का?”

डॉक्टर बिचारे सरळ माणूस. हो म्हणाले.

“मग नको.”

“अहो, हे पोटात नाही, शिरेतून जातं.”

“शिरेतनं गेलं तरी मीठच की.”

मी त्या दवाखान्यात केवढा ओरडलो असेन! शेजारच्या खोलीतले पेशंट बाहेर आले. वहिनी एका बाकावर बसून राहिल्या. सलाइन न लावता आम्ही घरी आलो. चाक फिरलं पाहिजे, नाहीतर हा माणूस जातोय, हे त्या दिवशी मला स्वच्छ कळलं. आणि चाक फिरणार नव्हतं.

पण ते फिरलं!

तोपर्यंत चाकाचं स्टँड एका टेबलावर, खाली जाड रबर घालून ठेवलेलं होतं. टेबल डुगडुगतंय म्हणून जोर वाया जातो, असं धनपालनं काढलं. त्याच्या जुन्या मागांचे फाउंडेशनचे बोल्ट अजून कोब्यात तसेच होते. स्टँड जरासुद्धा हलू नये म्हणून त्यानं ते थेट त्या बोल्टांवर आवळलं. चाक ढकललं. ते हळू झालं, आता थांबणार असं वाटलं, आणि थांबेना. एक धोटा अडायचा, थरथरायचा, आणि टक करून पडायचा. चाक थोडं सरकायचं. मग पुढचा धोटा. गोगलगायीच्या चालीनं, पण चाललं होतं. दुपार गेली तरी चाललं होतं.

मी स्वतः खाली वाकून मोटर शोधली. काही नव्हतं. मी धनपालला मिठी मारली. हे लिहायला लाज कसली? मला रडू आलं. त्या शहाण्या पोरीचं पुस्तक चुकलं, आणि माझा दोस्त वाचला, असं वाटलं. दिवाळी जवळ आली होती. धनपालनं ठरवलं, पाडव्याच्या सूर्योदयाला चाक सोडायचं, भाऊबीजेच्या सूर्योदयाला पारणं.

दोनच दिवसांनी तो वहिनींबरोबर परत रक्त द्यायला गेला. मला सांगून गेला, चाकावर ध्यान ठेव. मी माझ्या मागावर होतो. अचानक लाइट गेली. माझे माग थांबले. शांत झालं आणि भिंतीपलीकडून धोट्यांची टक टक ऐकू आली. एक. जरा वेळानं आणखी एक. मग काहीच नाही. मी पलीकडं गेलो. चाक थांबलेलं. हातानं ढकललं, थोडं फिरलं, परत थांबलं. मी तिथंच उकिडवा बसलो. बऱ्याच वेळानं लाइट आली, माझ्या गड्यांनी माग सुरू केले, पायाखालचा कोबा गुरगुरायला लागला, आणि अडलेला धोटा थरथरून टक करून पडला.

वाट्या! आमच्या फळीवरच्या वाट्या सरकतात तसं ते चाक सरकत होतं. कोबा एकच, आम्हीच ओतलेला. माझ्या मागांचा हादरा त्या बोल्टांतून वर चढत होता. अडलेल्या धोट्याला तेवढा धक्का पुरत होता, आणि बिजागरी अशी की धोटा पुढं पडू शकतो, मागं नाही. म्हणून चाक एकाच दिशेला सरकत होतं. स्टँड हलू नये म्हणून ज्या ठिकाणी आवळलं, तिथूनच ते हलत होतं. गुरुत्वाकर्षण कसलं आणि काय कसलं! चाक माझ्या मागांच्या मोटारींवर चाललं होतं. ज्या लाइटीच्या नावानं या बाबानं जन्मभर शंख केला, त्याच लाइटीवर.

मी काय करायला हवं होतं? त्याला सांगायला हवं होतं, म्हणे. आदितीनं नंतर तसं म्हटलं. पण मी ते सलाइन परत गेलेलं पाहिलं होतं. मला खरंखोट्याशी देणंघेणं नव्हतं. मला तो मीठ खाताना बघायचा होता. मी तोंड शिवून टाकलं.

अडचण पाडव्याची होती. दिवाळीला गडी गावाला जातात. माझे बीम, म्हणजे मागावरचे सुताचे रूळ, संपून उतरले होते, नवं सूत दिवाळीनंतर येणार होतं. माग बंद राहणार म्हणजे चाक बंद. मग मी काय केलं, तर मांडववाल्या गुंडूचा जनरेटर आणून दारात ठेवला, लाइट गेली तर असावा म्हणून. आणि पाडव्याला पहाटे धोटे काढून सगळे माग रिकामे सुरू केले. सूत नाही, कापड नाही, गडी नाही. मी एकटा वंगणाचा डबा घेऊन या मागावरून त्या मागावर. आमच्या घरातली दारात येऊन बघून गेली. “खुळ लागलं काय तुमास्नी? सणाचं रिकामं माग कोण चालवतंय?” मी म्हटलं, गंज धरतोय. ती कपाळाला हात लावून आत गेली. दिवसभर, रातभर मी तसाच. पलीकडं धनपाल खुर्ची टाकून चाकासमोर बसलेला. आदिती दिवाळीला आलेली होती. ती एकदा माझ्या शेडमध्ये डोकावली, रिकाम्या मागांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तशीच परत गेली. तिला कळलं होतं.

भाऊबीजेचा सूर्य उगवला आणि चाक फिरत होतं.

वहिनींनी आंघोळ करून स्वयंपाक केला होता. पाट मांडला. भात, तुरीच्या डाळीची आमटी, भाजी, सगळं मिठाचं. मला हाक आली, तसा मी तेलकट हातांनीच गेलो. माग चालूच ठेवले होते, मला बंद करायचं सुचलंच नाही. धनपालनं डोळे मिटून णमोकार म्हटला. भात कालवला. घास उचलला. वहिनी पदर तोंडाला लावून बघत होत्या. घास तोंडापाशी गेला आणि तिथंच थांबला.

“हंबीर.”

“काय?”

“माग बंद कर.”

“आधी जेव की.”

“तुझ्या मागावर सूत न्हाय.” त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. “भरलेला माग दबून वाजतोय, रिकामा माग कोरडा वाजतोय. जलम काढलाय त्यात. रोज वाजतो तसा वाजला असता तर मला ऐकूसुद्धा आला नसता. रातभर ऐकतोय. रिकामं माग ह्यो कशासाठी चालवतोय, रातभर त्योच इचार करतोय.”

“मग रातीच का न्हाय बोललास?”

त्यानं घासाकडं बघितलं. “मीठ खाऊ वाटत हुतं रं.”

मी जाऊन माग बंद केले. परत आलो तेव्हा तो चाकापाशी उभा होता. एक धोटा पडला. पुढचा अडला. धनपालनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं, तो धोटा पडला नाही. मग तो पाटापाशी परत आला, हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले.

आणि मग मी फुटलो. काय काय बोललो ते सगळं इथं लिहिता येणार नाही. “मर लेका!” असंही म्हणालो. “मी रातभर मरमर मेलो ते काय त्या चाकासाठी? चाक गेलं चुलीत! मला तू पायजेस. तू गेलास तर मी भांडू कुणाशी?” तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग वहिनी बोलल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आवाज चढवला.

“महाराजांकडं जावा. नियम चुकीचा घेतला म्हणून सांगा. प्रायश्चित्त घ्या आणि मोकळं व्हा.”

“साऱ्या गावासमोर?”

“घेतला तवा गाव न्हवतं व्हय?”

तो खोलीत जाऊन झोपला. खरी अडचण ही होती, पहिल्यापासून हीच होती. मीठ सोडणं त्याला जमत होतं, मरणंही जमलं असतं. ‘चुकलं’ म्हणणं जमत नव्हतं. दिवस जायला लागले. महाराजांचा विहार ठरला, म्हणजे ते गाव सोडून पायी पुढं जाणार. ते गेले की पुन्हा कुठं गाठायचे? मी रोज जायचो, रोज भांडायचो. तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. पायावर सूज दिसायला लागली होती. मी तर मनातून हात धुवून टाकले होते.

विहाराच्या आदल्या दिवशी दुपारी तो स्वच्छ धोतर नेसून माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, “चल. एकट्याला पाय उचलत न्हाय.”

मंडप भरलेला होता. धनपाल माझा खांदा धरून उठला. हात जोडले, पण तोंडातून शब्द येईना. लोक वळून बघायला लागले. कुणीतरी पुटपुटलं, चाकवाला. त्याच्या बोटांनी माझ्या खांद्यात रुतायचं तेवढं बाकी ठेवलं.

“महाराज,” तो शेवटी म्हणाला, “चाक फिरत न्हाय. माझी पोरगी पहिल्याच दिवशी सांगत हुती. जेवढं खाली येतंय, तेवढंच वर न्यावं लागतंय. मधी घासतंय ते आपल्या पदरचं जातंय. मी म्हटलं, मी वरचढ हाय. नियम घेतला त्यो त्यागाचा न्हवता, गुर्मीचा हुता. चुकलं माझं.”

आणि तो रडायला लागला, मंडपात उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत. या वेळी कुणी हसलं नाही.

महाराज म्हणाले, “मुदत घे म्हटलं होतं.”

“व्हय महाराज.”

“जाऊ दे. आजपासून नियम सुटला. प्रकृती सुधारली की एक उपवास कर. आधी घरी जाऊन मीठ खा.”

सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायला हवं होतं. मी त्याला गाडीवर मागं बसवून घरी आणला, दारातूनच ओरडलो, “वहिनी, वाढा!” वहिनींनी आमच्या तोंडाकडं बघितलं. पाट मांडला. मलाही बसवलं. घाईघाईत केलेली आमटी, भात, भाकरी. मी माझं ताट तसंच ठेवून त्याच्याकडं बघत बसलो. त्यानं भात कालवला, घास तोंडात घातला, हळूहळू चावला. वहिनी समोर बसल्या होत्या, हातातली पळी तशीच. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. आम्ही दोघांनी त्याच्यासाठी काय काय सोसलं त्याबद्दल एखादा शब्द तरी.

त्यानं तोंड वाकडं केलं.

“खारट झालीया आमटी,” तो म्हणाला.

मी आमटी चाखली. मीठ अगदी बेतशीर होतं. महिनोन् महिने अळणी खाल्लेल्या जिभेला ते सोसेना, एवढंच. वहिनींनी त्याच्याकडं बघितलं. डोळ्यांतून पाणी घळघळा वाहायला लागलं. त्यांनी शेजारचं मिठाचं भांडं पुढं ओढलं, चिमूटभर मीठ घेतलं आणि त्याच्या आमटीत टाकलं.

“खावा,” त्या म्हणाल्या.

आणि धनपालनं, जन्मात पहिल्यांदा, उलट न बोलता खाल्लं.